हिवाळ्यातील बॅससाठी ल्यूर कसा निवडावा: उत्तर टेक्सासच्या तलावांवरील अनुभव

जानेवारीतल्या एका सकाळी डॅलसच्या पूर्वेकडील लेक रे हबर्डच्या दगडी बांधावर मी चार तास उभा होतो आणि एकही मासा लागला नाही. डब्यात ल्यूरची, म्हणजे नकली आमिषांची, कमतरता नव्हती. ऑक्टोबरमध्ये ज्यांवर बॅस हे गोड्या पाण्यातले शिकारी मासे भराभर लागले होते तेच सगळे ल्यूर होते, आणि मी ते ऑक्टोबरच्याच वेगाने ओढत होतो. माझ्यापासून तीस पावलांवर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. तेवढ्याच वेळात त्यांनी तीन बॅस पकडून सोडले. ते दोरी फेकत, रॉडला दोन झटके देत आणि मग इतका वेळ स्तब्ध राहत की त्यांचा ल्यूर दगडात अडकला असावा असे मला वाटे. जवळ गेल्यावर कळले की ते ओठातल्या ओठात आकडे मोजत होते, आणि पंधरा झाल्याशिवाय रॉड हलवत नव्हते.

त्या दिवसानंतर हिवाळ्यासाठी ल्यूर निवडताना रंग आणि कंपनी हे प्रश्न मी मागे टाकले. पहिला प्रश्न असा विचारू लागलो की हा ल्यूर माशाच्या तोंडासमोर किती वेळ राहू शकतो, आणि तेवढा वेळ तो जिवंत वाटतो का. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका प्रश्नाभोवती आहे. लेख उत्तर टेक्सासमधील तलाव आणि तिथला लार्जमाउथ बॅस यांना धरून आहे. येथील तलाव सहसा गोठत नाहीत, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी असे तिन्ही महिने काठावरून किंवा होडीतून गळ टाकता येतो. प्लेनो, फ्रिस्को, आयर्व्हिंग या भागांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहींनी लहानपणी कोकणात खाडीवर गरवलेले असते. त्यांनी एक फरक आधीच लक्षात घ्यावा. तिकडे गरीला लावलेली कोळंबी स्वतःच्या वासाने मासा बोलावते. इथे प्लास्टिकच्या किंवा शिशाच्या तुकड्याला ते काम केवळ हालचालीने आणि थांबण्याने करावे लागते.

आधी पाण्याचे तापमान मोजावे

बॅसच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर उतरते. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक कमी वेळा लागते आणि लांबवर पाठलाग करून खर्च केलेली शक्ती त्याला परवडत नाही. मात्र तो खाणे सोडत नाही. टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ, १८.१८ पौंडांचा म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलोचा, लेक फोर्कवर जानेवारी १९९२ मध्ये, ऐन थंडीत, बॅरी सेंट क्लेअर यांना मिळाला. तोही क्रॅपी या छोट्या माशासाठी लावलेल्या मिनो नावाच्या इवल्याशा जिवंत माशावर लागला. एवढ्या अवाढव्य माशाने थंडीत एवढासा घास का घेतला असेल, याचा विचार केला तर ल्यूर निवडीची निम्मी दिशा सापडते. घास लहान होता, अगदी जवळ होता आणि फारसा पळत नव्हता.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक साधा थर्मामीटर घ्यावा. होडीवरच्या सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, आकडा पृष्ठभागाचा असतो. काठावरून गळ टाकणाऱ्याने थर्मामीटर दोरीला बांधून हातभर खोल सोडावा आणि दोन-तीन मिनिटांनी वाचावा. मी तीन टप्पे मानतो. पाणी ५० ते ६० अंश फॅरनहाइट (१० ते १५.५ सेल्सिअस) असेल तर बॅस अजून थोडा पाठलाग करतो आणि पुढे सरकणारे ल्यूर चालतात. ४५ ते ५० या टप्प्यात पुढे सरकण्यापेक्षा थांबण्याला महत्त्व येते. ४५ च्या खाली, म्हणजे साधारण ७ सेल्सिअसच्या खाली, ल्यूर जवळजवळ माशाच्या नाकावरच न्यावा लागतो. या सीमारेषा काटेकोर नाहीत. खरे तर आकड्यापेक्षा त्याचा कल अधिक सांगून जातो. तीन दिवस ऊन पडून ४६ वरून ४९ वर चढलेले पाणी, उत्तरेकडून आलेल्या शीत लाटेमुळे एका रात्रीत ५६ वरून ५१ वर घसरलेल्या पाण्यापेक्षा मला नेहमीच अधिक फलदायी ठरले आहे. अशी लाट, जिला टेक्सासमध्ये ‘नॉर्दर’ म्हणतात, येऊन गेल्यानंतरचे निरभ्र, लखलखीत दोन दिवस सर्वांत कठीण असतात. त्या दिवसांत, आकडा काहीही असला, तरी एक टप्पा खालचाच धरून ल्यूर निवडावा.

लेक फोर्कसारख्या तलावांत टेक्सासच्या वन्यजीव खात्याने १९७० च्या दशकापासून फ्लोरिडा जातीचे बॅस सोडले आहेत. ते अजस्र वाढतात, पण उत्तरेकडच्या जातीपेक्षा थंडीत अधिक आखडतात, असा येथील जुन्या जाणत्यांचा अनुभव आहे. माझाही तोच आहे.

तो काय खातो आहे, हे ओळखावे

या तलावांत हिवाळ्यात बॅसचे मुख्य अन्न दोन प्रकारचे असते. पहिले म्हणजे शॅड, आपल्या हिलसाच्या कुळातला चंदेरी, चपटा, थव्याने फिरणारा लहान मासा. दुसरे म्हणजे क्रॉफिश, शेवंडाचे धाकटे भावंड म्हणावे असा गोड्या पाण्यातील कवचधारी जीव, जो दगडांच्या फटींत राहतो आणि थंडीत फारच हळू हलतो.

थ्रेडफिन जातीच्या शॅडला थंडी सोसत नाही. पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या आसपास आले की ते अशक्त होतात आणि ४० कडे उतरू लागले की मोठ्या संख्येने मरतात. मरता शॅड एकदा पाहिला की विसरत नाही. तो कुशीवर कलंडतो, दोनदा थरथरतो, वीतभर पुढे जातो, मग निश्चल होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा तडफडतो. जर्कबेट नावाचा ल्यूर नेमके हेच करतो आणि म्हणूनच तो हिवाळ्याचा राजा समजला जातो. काठावर मेलेले शॅड दिसत असतील, पाण्यावर बगळे आणि गल पक्षी घिरट्या घालत असतील, तर शॅडची नक्कल करणारे ल्यूर बाहेर काढावेत. तसे काहीच दिसत नसेल आणि काठ खडकाळ असेल, तर क्रॉफिशची नक्कल करणारी जिग दोरीला बांधावी.

जागेबद्दल थोडक्यात सांगतो. हिवाळ्यातला बॅस उथळ आणि खोल पाणी जिथे एकमेकांच्या अगदी जवळ असते तिथे राहतो, कारण वर-खाली होण्यासाठी त्याला दूर पोहावे लागत नाही. पुलांचे खांब, रस्त्याच्या भरावाचे दगडी बांध, जुन्या नदीपात्राचे वळण जिथे काठाला येऊन भिडते ती जागा, आणि उभे उतार ही त्याची ठिकाणे. दुपारनंतर तलावाचा उत्तर काठ पाहावा. तो दक्षिणेकडच्या उन्हाला सामोरा असतो, उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोशाला असतो आणि तेथील दगड ऊन शोषून भोवतालचे पाणी अंश-दोन अंशांनी गरम करतात.

पाणी किती स्वच्छ आहे, त्यावर रंग आणि कंपन ठरवावे

पांढरा ल्यूर काठाजवळ पाण्यात सोडावा आणि तो किती खोलीवर दिसेनासा होतो ते पाहावे. चार फुटांपेक्षा जास्त दिसत असेल तर बॅस डोळ्यांनी शिकार करील. अशा वेळी अर्धपारदर्शक, नैसर्गिक रंगाचा, आवाज न करणारा ल्यूर घ्यावा. दीड-दोन फुटांपर्यंत दिसत असेल तर पांढरे, चंदेरी किंवा किंचित पिवळट अंग चालते. फूटभराच्या आतच दिसेनासा झाला, तर बॅसला ल्यूरची चाहूल अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवणाऱ्या कंपनांवरून लागते, आणि तिथे थरथरणारे किंवा खुळखुळणारे ल्यूर आणि गडद रंग हाच आधार असतो.

रंगांच्या बाबतीत मी फार खर्च करू नये असे सांगेन. बॅसच्या डोळ्यांत प्रामुख्याने हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी असतात. लाल आणि हिरवा रंग त्याला चांगला ओळखता येतो. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसेच निळा आणि काळा यांत तो गोंधळतो, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे एकाच जर्कबेटच्या बारा छटा घेण्यापेक्षा शॅडसारखा एक फिकट, क्रॉफिशसारखा एक तांबूस-तपकिरी आणि गढूळ पाण्यासाठी एक काळा-निळा, असे तीन रंग पुरेसे होतात. उरलेले पैसे वेगवेगळ्या वजनांवर आणि खोलींवर खर्च करावेत.

जर्कबेट

एकच ल्यूर घ्यायचा असेल तर हा घ्यावा. साधारण ११ सेंटिमीटर लांबीचा, सडपातळ, पुढे लहानशी प्लास्टिकची जीभ आणि पोटाखाली दोन किंवा तीन ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचे गळ, असे त्याचे रूप असते. दुकानात तरंगणारे, बुडणारे आणि पाण्यात अधांतरी थांबणारे असे तीन प्रकार मिळतात. हिवाळ्यासाठी अधांतरी थांबणाराच हवा. खोक्यावर ‘सस्पेंडिंग’ असे लिहिलेले असते. काठावरून चार ते सहा फुटांपर्यंत जाणारा आणि होडीतून आठ-दहा फुटांपर्यंत जाणारा असे दोन असले की बहुतेक परिस्थिती झाकल्या जातात.

पण खोक्यावरच्या शब्दावर विसंबून राहू नये. पाण्याची घनता तापमानानुसार बदलते आणि ४ सेल्सिअसला ती सर्वाधिक असते. ल्यूरचे प्लास्टिकही थंडीत किंचित आकसते, शिवाय दोरीचे आणि गळांचे वजन तोल बदलते. कारखान्यात ज्या पाण्यात तो अधांतरी राहिला, ते आपल्या तलावाचे पाणी नव्हे. म्हणून मी दर डिसेंबरात घरी एक चाचणी करतो. न्हाणीघरातल्या उंच बादलीत पाणी घेऊन त्यात बर्फ टाकतो आणि स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने ते ४६-४७ अंशांवर आणतो. जर्कबेटला प्रत्यक्ष वापरायच्या दोरीचाच हातभर तुकडा बांधतो. ल्यूर पाण्याखाली धरून त्याच्या अंगावरचे, विशेषतः गळांच्या बेचक्यात अडकलेले, बारीक बुडबुडे बोटाने पुसतो, कारण तेच बुडबुडे त्याला खोटे वर उचलतात. मग हात काढून घेतो आणि पाहतो. तो भराभर वर आला तर पुढच्या गळाच्या दांड्याला शिशाच्या बारीक तारेचे एक-दोन वेढे देतो. तळाला गेला तर गळ एका आकाराने लहान लावतो. जिथल्या तिथे राहून नाक किंचित खाली झुकले, की तो ल्यूर तयार झाला. दहा मिनिटांच्या या कामाने स्वस्तातला जर्कबेटही महागड्याच्या बरोबरीने काम करतो. तोल न तपासलेला महागडा ल्यूर मात्र प्रत्येक थांब्यात माशाच्या डोळ्यांदेखत वर तरंगत जातो, आणि मरता शॅड असा कधीच वागत नाही.

वापरताना रॉडचे टोक खाली पाण्याकडे ठेवून मनगटाने दोन छोटे झटके द्यावेत आणि लगेच दोरीला ढील द्यावी. ढील महत्त्वाची आहे, कारण ताणलेली दोरी ल्यूरला सरळ ओढत राहते, तर सैल दोरीमुळे तो कुशीवर वळतो आणि तिथेच थांबतो. त्यानंतर मोजावे. ५० च्या वरच्या पाण्यात तीन ते पाच, ४५ ते ५० मध्ये दहा ते पंधरा, त्याखाली वीस-तीसपर्यंत. मनातल्या मनात मोजणारे सगळेच घाई करतात, म्हणून माझे म्हणणे आहे की तोंडाने मोजावे. थांब्याच्या काळात नजर दोरी जिथे पाण्याला शिवते त्या बिंदूवर खिळलेली असावी. हिवाळ्यातला चावा हा बहुधा हिसका नसतो. दोरी बोटभर बाजूला सरकते, किंवा पुढचा झटका देताना ओले फडके अडकल्यासारखा जडपणा लागतो. तेवढ्यावर रॉड बाजूला खेचून गळ रुतवावा.

जिग आणि तिची लहान भावंडे

जिग म्हणजे शिशाच्या किंवा टंगस्टनच्या डोक्याचा एकेरी गळ, त्याभोवती रबराच्या धाग्यांचा झगा आणि मागे प्लास्टिकची शेपटी. ती क्रॉफिशसारखी दिसते आणि तळाशी कितीही वेळ पडून राहू शकते. माझ्या पहिल्या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर तीच देते. खडकाळ उतारावर फुटबॉलच्या आकाराचे आडवे डोके घ्यावे, कारण ते दगडांच्या फटींत कमी अडकते आणि पुढे ओढताना डोलते. लेक फोर्कसारख्या बुडालेल्या झाडांच्या तलावात निमुळते डोके आणि गळापुढे काट्यांचे संरक्षण असलेली जिग हवी.

वजन निवडताना पडण्याचा वेग मनात धरावा. दहा फुटांपर्यंतच्या पाण्यात पाव ते तीन अष्टमांश औंस, पंधरा-वीस फुटांत अर्धा औंस. वारा असेल तर एक पायरी जड, पाणी ४५ च्या खाली असेल तर एक पायरी हलकी. थंडीत मासा बऱ्याचदा जिग तळाला टेकण्याआधीच, खाली येत असताना घेतो, म्हणून ती जितकी सावकाश उतरेल तितके बरे. मागची शेपटी फार वळवळणारी नसावी. उन्हाळ्यातल्या नांग्या फडफडवणाऱ्या शेपट्यांऐवजी साधी, अर्ध्या लांबीची आणि मऊ शेपटी लावावी. मीठ घातलेले काही प्लास्टिक गार पाण्यात ताठर होते, त्यामुळे विकत घेताना ते बोटांनी दाबून पाहण्यापेक्षा घरी गार पाण्यात बुडवून वाकवून पाहावे.

याच कारणासाठी केसांची जिग मला अतिशय प्रिय आहे. हरणाच्या शेपटीचे केस किंवा माराबू नावाची मऊ पिसे गळाभोवती बांधलेली असतात. रॉड संपूर्ण स्थिर असताही ते केस पाण्यात श्वास घेतल्यासारखे हलतात. टेनेसीच्या पूर्व भागात अशी एक षोडशांश औंसाची चिमुकली जिग लांब रॉडने आणि तरंग्याखाली आठ-दहा फूट दोरी सोडून टाकतात आणि लाटांच्या हेलकाव्यावरच तिला नाचू देतात. तिथल्या खोल, स्वच्छ पाण्यातल्या स्मॉलमाउथ बॅससाठी हे तंत्र निघाले, पण स्वच्छ पाण्याच्या कुठल्याही तलावावर ते लागू पडते.

नेड रिग हे नाव कॅन्ससच्या नेड केडी यांच्यावरून पडले. गोलसर चपट्या डोक्याची हलकी जिग आणि तिला अडीच-तीन इंचांचा प्लास्टिकचा बोटासारखा तुकडा, इतकेच ते असते. तरंगणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा घेतला तर तळाशी पडल्यावरही त्याची शेपटी वर उभी राहते आणि चरणाऱ्या लहान माशासारखी डुलते. नवशिक्याने काठावरून पहिला हिवाळा जर्कबेट आणि नेड रिग या दोहोंवरच काढला तरी हरकत नाही. शिशाचे डोके एक दशांश औंसाच्या आसपास असावे, त्याहून जड घेतले की हा सगळा डौल हरवतो.

चिथावणारे ल्यूर

आतापर्यंत मी थांबण्याचे महत्त्व सांगितले. पण थंड पाण्यातला बॅस कधी कधी भूक नसतानाही, केवळ तोंडासमोरून काही झर्रकन गेले म्हणून जबडा मिटतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया जागी करणारे ल्यूर वेगळे ठेवावेत. ते पहिल्या प्रश्नाला अपवाद वाटतात, पण पुरते अपवाद नाहीत, कारण तेही माशापासून दूर न जाता एकाच जागी वर-खाली होत राहतात.

ब्लेडबेट हा धातूच्या पातळ पत्र्याला शिशाचे पोट ओतून केलेला ल्यूर आहे. पाठीवर दोरी अडकवायला दोन-तीन छिद्रे असतात. पुढच्या छिद्रात अडकवल्यास कंप बारीक आणि घट्ट येतो, आणि थंडीत तोच हवा. तळाला टेकवून रॉड वीत-दीड वीत उचलावा, पत्र्याची थरथर मुठीत जाणवताच थांबावे आणि अर्धवट ताणलेल्या दोरीवर त्याला परत तळाला नेऊन ठेवावे. रॉड जोराने वर झोडपू नये. चावा जवळपास नेहमी खाली जाताना येतो, आणि दोरी पूर्ण सैल असेल तर तो कळतही नाही. हा ल्यूर दगडांत फार अडकतो, म्हणून काठावरून टाकण्यापेक्षा होडीतून सरळ खाली सोडलेला बरा.

पुलाच्या खांबांपाशी शॅडचे थवे वीस-पंचवीस फुटांवर सोनारवर ढगासारखे दिसत असतील, तर अर्ध्या ते पाऊण औंसाचा चपटा स्पून, म्हणजे चमच्यासारखा धातूचा ल्यूर, सरळ खाली सोडून फूट-दोन फूट उचलावा आणि पुन्हा डगमगत पडू द्यावा. त्यावर व्हाइट बॅसही पुष्कळ लागतात. मात्र एक सांगणे अवश्य आहे. तीस फुटांहून खोल पाण्यातून वर आणलेल्या बॅसची हवेची पिशवी फुगते, आणि सोडल्यावर तो खाली जाऊ शकत नाही. मासा सोडण्याचा मनोदय असेल तर त्याहून खोल जाऊच नये.

फेब्रुवारीत पाणी ५० च्या वर चढू लागले की पूर्व टेक्सासच्या सॅम रेबर्न आणि टोलेडो बेंड या विस्तीर्ण तलावांवर तांबड्या रंगाच्या, जीभ नसलेल्या, पोटात छरे खुळखुळणाऱ्या क्रँकबेटचे, म्हणजे ओढला की डोलत पोहणाऱ्या माशाच्या आकाराच्या कठीण ल्यूरचे, दिवस येतात. हायड्रिलासारख्या पाणवनस्पतींच्या शेंड्यांवरून तो हळू ओढायचा, गवतात अडकू द्यायचा आणि मग हिसका देऊन सोडवायचा. मासा त्या सुटण्याच्या क्षणीच धरतो. गवत नसलेल्या दगडी काठावर याऐवजी सपाट कुशींचा, अरुंद डोलणारा, जीभ असलेला क्रँकबेट घ्यावा. रुंद डोलणारे क्रँकबेट उन्हाळ्यासाठी ठेवून द्यावेत. गढूळ आणि थोड्या उबदार पाण्याचा दिवस मात्र याला अपवाद आहे.

अलाबामा रिगचा उल्लेख टाळता येत नाही. पाच तारांना पाच रबरी मासे लटकवलेला हा छत्रीसारखा सांगाडा ऑक्टोबर २०११ मध्ये अलाबामातील लेक गंटर्सव्हिलवर पॉल इलायस यांनी स्पर्धा जिंकल्यावर रातोरात प्रसिद्ध झाला. गार, स्वच्छ पाण्यात तो शॅडच्या थव्याची हुबेहूब नक्कल करतो आणि मोठे बॅस आणतो. पण तो जड आहे, भक्कम रॉड मागतो, एकदा अडकला की पाचही ल्यूर घेऊन जातो, आणि त्याला किती गळ लावता येतील याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. पहिल्या दोन हिवाळ्यांत तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोरी हाही ल्यूरचाच भाग

फ्लुरोकार्बनची दोरी पाण्यापेक्षा बरीच जड असते आणि बुडते. नायलॉनची, जिला आपण तंगूस म्हणतो, ती हळूहळू बुडते. विणलेली दोरी तरंगते. तरंगती दोरी जर्कबेटचे नाक वर ओढते आणि बादलीत जमवलेला तोल बिघडवते, म्हणून जर्कबेटला आठ ते दहा पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, फ्लुरोकार्बन वापरावी. जिगला खडकांमुळे बारा ते पंधरा पौंडांची. नेड रिग आणि केसांच्या जिगसाठी रीलवर दहा पौंडांची बारीक विणलेली दोरी आणि पुढे सहा-आठ पौंडांचा फ्लुरोकार्बनचा वावभर तुकडा जोडावा. विणलेल्या दोरीने बारीकसा स्पर्शही हाताला कळतो, आणि माशाला दिसतो तो पुढचा पारदर्शक तुकडाच.

प्रत्यक्ष काठावर

परवाना खिशात असावा. टेक्सासमध्ये परवान्याचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपते. त्या त्या तलावाचे मापाचे नियमही आधी वाचावेत. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बॅस ठेवता येत नाही.

हिवाळ्यात भल्या पहाटे जाण्याची घाई नको. मी दहाच्या सुमारास पोहोचतो, तापमान आणि पाण्याची पारदर्शकता पाहतो आणि दोन रॉड तयार करतो, एकावर जर्कबेट आणि दुसऱ्यावर जिग किंवा नेड रिग. वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा असतील तर जर्कबेटपासून सुरुवात करतो. पाणी आरशासारखे असेल तर जिगपासून. दगडी बांधावर सरळ समोर न फेकता काठाला तिरपे, साधारण ४५ अंशांत फेकतो, म्हणजे ल्यूर उताराच्या निरनिराळ्या खोलींवरून जातो. एका जागेला वीस मिनिटे देतो. काहीच झाले नाही तर ल्यूर लगेच बदलत नाही, आधी थांबा पाच आकड्यांनी वाढवतो. त्यानेही काही झाले नाही तर खोली बदलतो, आणि त्यानंतरच ल्यूर. या क्रमाने गेल्यास कशामुळे फरक पडला ते कळते. तिन्ही गोष्टी एकदम बदलणाऱ्याला मासा मिळाला तरी तो का मिळाला हे कधीच कळत नाही.

मासा लागला की त्याला सोडण्याआधी गळ कुठे रुतला आहे ते नीट पाहावे. हात ओले करून धरावे, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. जर्कबेटचा पुढचा गळ तोंडाच्या आत असेल, तर ल्यूर, रंग आणि थांबा या तिन्ही गोष्टी जुळल्या आहेत आणि दिवसभर काहीही बदलू नये. मासा मागच्या गळाला, तोही ओठाच्या बाहेरून लागला असेल, तर तो मागून येऊन घुटमळत होता, त्याने घास घेतलाच नव्हता. अशा वेळी मी थांबा वाढवतो, आणि तरीही दुसरा मासा तसाच लागला तर एक आकार लहान आणि रंगाने फिकट असा जर्कबेट लावतो. गेल्या फेब्रुवारीत ४७ अंशांच्या पाण्यात पहिले दोन बॅस असेच मागच्या गळाला लागले. बारावरून वीसपर्यंत मोजायला लागल्यावर तिसऱ्याने पुढचे दोन्ही गळ आत घेतले होते, आणि ते काढण्यासाठी मला लांब चिमटा वापरावा लागला. माझ्या वहीत त्या दिवसाच्या नोंदीत तापमान आणि ल्यूरचा रंग यांच्याही वर ‘वीस’ हा आकडा लिहिलेला आहे.